चारचौघांत बोलताना

बोलायला उभं राहिलं की अनेकांच्या घशाला कोरड पडते, हातातला कागद थरथरतो. अशांना बोलतं करण्यासाठी १९२४ साली राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथे टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला. तिथे मास्तर नसतो. सभासदच एकमेकांचं ऐकतात, चुका दाखवतात. ऐनवेळी विषय मिळतो, एक-दोन मिनिटं बोलायचं. हिरवा, पिवळा, लाल दिवा वेळ दाखवतो. एक जण तर तुमचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजत बसतो! आकडा ऐकून कानकोंडं होतं खरं. पण मोजणाराही तिथेच अडखळलेला असतो, म्हणून ते मनाला लागत नाही. ही आपुलकी मला फार मोलाची वाटते. जवळपास असा क्लब असेल, तर एकदा पाहुणे म्हणून जाऊन बसाच.