मागे राहणाऱ्यांचा वाटा



मृत्युपत्राचा विषय निघाला की घरात कोणीतरी चटकन म्हणते, "असे अभद्र बोलू नका." राजूरसारख्या खाणीच्या गावात दुसरेही एक उत्तर ठरलेले असते : "आमच्याकडे आहेच काय वाटायला?" क्वार्टर कंपनीचे, ते सोडायचेच. पण फंड असतो, ग्रॅच्युइटी असते, बँकेतली ठेव असते. कुणाचा वणीला छोटा प्लॉट, कुणाची गावाकडे दोन एकर जमीन. भांडायला एवढे पुरते.

आपण लिहून ठेवले नाही, तर वाटणी कायदा करतो. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. माणसामागे पत्नी व मुले असतील, तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगा-मुलगी समान. इथवर कोणालाही पटेल. पण म्हाताऱ्या आईचे काय? ज्याच्यामागे मुले आहेत, त्याच्या आईला या कायद्याने वारसा म्हणून काहीच मिळत नाही. हिंदू वारसा कायद्यात मृत मुलाची आई पहिल्या वर्गाची वारस आहे. आपल्याकडे तसे नाही. जिचे औषधपाणी मुलाच्या पगारावर चालले, ती त्याच्यामागे सुनेच्या आणि नातवंडांच्या मर्जीवर उरते. मर्जी चांगली असेलही. पण आईवडिलांचा मान राखण्याची चौथी आज्ञा आपल्याला दिलेली आहे. ती आपल्यामागे दुसऱ्याच्या मर्जीवर सोपवावी का?

उलट, मृत्युपत्र करणाऱ्याला कायदा फार मोकळीक देतो. ख्रिस्ती माणूस आपली सारी मिळकत हवी त्याला देऊ शकतो, पत्नीला आणि मुलांना वगळूनसुद्धा. "माझ्या घामाचे आहे" हे म्हणणे कायद्यात बसते. पण पहाटे उठून पहिल्या पाळीचा डबा भरणारीचा घाम कोणी मोजला?

मुलींचा प्रश्न तर जुनाच आहे. त्रावणकोरच्या १९१६ च्या ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातले जे कमी ते मिळे. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. आपल्याकडे वाटा समान असूनही बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. सही केली नाही तर माहेर तुटते. त्या भीतीने केलेल्या सहीला स्वखुशीची म्हणणे मला जमत नाही.

सर्वांना सारखे दिले म्हणजे न्याय झाला, असेही नाही. अपंग मुलाला किंवा शेवटपर्यंत सेवा केलेल्या मुलीला जास्त द्यावे. फक्त त्याचे कारण जिवंतपणी सर्वांना सांगावे. कागदातून कळले की ते जखमेसारखे लागते.

"नॉमिनी लावला आहे, आता काळजी नाही," असे समजणारे पुष्कळ आहेत. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंतराव साळगावकर २०१३ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्र केले होते. तरी त्याबाहेरच्या ठेवी आणि म्युच्युअल फंड नॉमिनींचे की सर्व वारसांचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नॉमिनी केवळ त्या नात्याने मालक होत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. (विमा आणि फंड यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते कार्यालयात विचारून घ्यावेत.)

लिहिणे अवघड नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला काही द्यायचे, तो किंवा त्याची पत्नी अथवा पती साक्षीदार नको, नाहीतर तेवढे दान रद्द होते. म्हणून साक्षीला शेजारी बोलवावेत. आणि लग्नाआधी केलेले मृत्युपत्र लग्नाने आपोआप रद्द होते, तेव्हा अविवाहित मुलाने आईच्या नावे काही लिहिले असेल, तर वरातीनंतर ते पुन्हा लिहावे लागेल.