खलाशाची साक्ष

सुरगाण्यास समुद्र दिसत नाहीं. आमच्या डोंगरांतून निघणारी नार नदी पश्चिमेस वाहत जाऊन पार नदीस मिळते व तिच्याबरोबर अरबी समुद्रास पोंचते; समुद्राशीं आमचा संबंध एवढाच. तरीहि आरमारांतील वृद्ध सैनिकांच्या युद्धस्मृति जतन कराव्या कीं काय, व कोणत्या अधिकारानें कराव्या, हा प्रश्न आम्हांस पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आहे. कराव्या, असें उत्तर कोणीहि चटकन् देईल. परंतु तसें मनापासून वाटत असतें, तर दरसाल ४ डिसेंबरला, म्हणजे १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या दिवशीं, या वृद्धांस एक हार व बोलावयास दोन मिनिटें देऊन आम्ही मोकळे झालों नसतों.

'खुकरी'ची गोष्ट घ्या. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं दीवनजीकच्या समुद्रांत पाकिस्तानी पाणबुडीनें ती युद्धनौका बुडविली. १८ अधिकारी व १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनीं नौका सोडली नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. पण नौका कांहीं मिनिटांतच अंधारांत बुडाली. जे साठ-सत्तर लोक वांचले, त्यांतील प्रत्येकानें आपल्यापुढें हातभर अंतरावर जें घडलें तेवढेंच पाहिलें. आम्हांस मात्र त्यांच्याकडून पाहिजे असतें तें अखंड चित्र, आणि तेंहि आम्हीं आधींच मनांत काढून ठेवलेलें. म्हातारा निराळें सांगूं लागला कीं आम्ही म्हणतों, वयोमानानें विसर पडला. स्मृति जपावयास निघालेले आम्हीच तिला आपल्या सोयीची घडी घालतों!

आमच्या कोकणा वस्त्यांत थाळीच्या नादावर रात्रभर कथा सांगण्याची चाल आहे. सांगणारा बदलला कीं कथा थोडी बदलते, आणि त्यांत कोणास फसल्यासारखें वाटत नाहीं. कथा गांवाची असते. खलाशाची आठवण तशी नव्हे. ती साक्ष आहे. तींत चूक असेल, पण ती चूकहि त्याचीच राहिली पाहिजे. लिहून घेणारानें शंका समासांत नोंदवावी. मजकुरांत हात घालूं नये.

साक्ष न घेतल्यास काय होतें तें १९४६ सालावरून दिसेल. १८ फेब्रुवारीस मुंबईच्या 'तलवार' या आरमारी ठाण्यांतील खलाशांनीं निकृष्ट अन्न व अपमानकारक वागणूक यांविरुद्ध काम बंद केलें. उठाव बंदरांतील जहाजांवर व थेट कराचीपर्यंत पसरला. २३ तारखेस, वल्लभभाई पटेलांच्या सल्ल्यावरून, त्यांनीं शरणागति पत्करली. शेंकडों लोक नोकरींतून काढले गेले. बलईचंद्र दत्त यांनीं आपली हकीकत पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली ती १९७१ सालीं, पंचवीस वर्षांनीं. ते लिहूं शकले. ज्यांस लिहितां आलें नाहीं, त्यांच्याविषयीं दप्तरांत उरला तो केवळ आरोप. सरकारी कागद खोटें बोलतात असें नव्हे. सरकारास जें विचारावेंसें वाटलें, तेवढेंच ते बोलतात.

एक आक्षेप मात्र आम्हांस टाळतां येत नाहीं. पाण्यांतून हांका मारणारे सोबती ज्यानें ऐकले, त्यास त्या हांका पुन्हां ऐकावयास लावण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? कोणींहि नाहीं. मौन हा त्याचा हक्क आहे, व तो आम्ही आमच्या इतिहासप्रेमाहून मोठा मानतों. परंतु त्याच्या मौनांत बुडालेल्यांचेंहि मौन आहे, आणि त्यांस दुसरा साक्षीदार नाहीं. ह्या दोन हक्कांचा निवाडा आमच्यानें होत नाहीं. तो त्या म्हाताऱ्यानेंच करावा. एवढेंच म्हणतों कीं, स्वतः न सांगणें निराळें आणि कोणीं न विचारल्यामुळें राहून जाणें निराळें. ह्या दुसऱ्या प्रकारासहि मौन हें भारदस्त नांव देऊन आपण आपला आळस झांकतों.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं १९७८ सालीं मुंबईस सागरी इतिहासाची संस्था स्थापिली. पण सर्व खलाशी मुंबईस राहत नाहींत. १९७१ सालीं जो विशीचा होता तो आज सत्तरी ओलांडून घाटावरच्या एखाद्या गांवीं ओसरीवर बसला असेल. तेथें जहाजाची भाषा कोणास येत नाहीं, म्हणून तो बोलत नाहीं. त्याच्याकडे जावयाचें तर आधीं नौकेच्या भागांचीं नांवें शिकून जावें, आणि परतीची गाडी गांठण्याची घाई नसेल अशा दिवशीं जावें.