पाडव्याची गाठी

पाडवा तोंडावर आला की गुलमंडीच्या बाजारात साखरगाठींचे हार लोंबू लागतात. ते जरूर घ्यावेत. पण यंदा एक हार घरी करून पाहा. साखरेचा घट्ट पाक, तुपाचा हात फिरवलेल्या छोट्या वाट्या आणि त्यांत आडवा टाकलेला एक लांब दोरा, एवढंच लागतं. पाक ओतताना मुलांना लांब ठेवा, तो चटका वाईट. गाठी सोडवताना मात्र त्यांनाच बोलवा. एखादी तुटतेच, आणि ती कुणाच्या तोंडात जाते हे काय सांगायला हवं!

बाळाच्या पहिल्या सणाला आजोळहून आलेला असा हार थोडा वाकडातिकडा दिसेल. दिसू दे.

सोबत चार ओळी लिहायच्या असतील, तर कागद दौलताबादहून खुलताबादकडे जाताना लागणाऱ्या कागजीपुरा गावातून आणा. तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी इकडे आणली, तेव्हापासून इथे हातकागद होत आल्याचं सांगतात. त्या खरबरीत कागदावर पेन जरा अडखळतं. घाईत लिहिताच येत नाही. आत्याला लिहा, मावशीला लिहा. आणि पिनकोड घालून आठवडाभर आधीच पेटीत टाका, टपाल काही सणाची तिथी बघून चालत नाही.