विसर, अपराध आणि खुंटी

गेल्या आषाढांतील एका दिवसाची गोष्ट मनांतून जात नाहीं. तींतून उद्भवलेला प्रश्न एकट्या माझा नव्हे, म्हणूनच ती येथें सांगण्याचें धाडस करितों. सुरगाण्यास पाऊस सुरू झाला म्हणजे दिवसचे दिवस हटत नाहीं. अशाच एका सकाळीं वर्गांत एका मुलानें वही आणली नव्हती. त्या आठवड्यांतली त्याची ती तिसरी वेळ. ‘विसरलों’ एवढेंच तो म्हणाला. ‘जेवायला विसरतोस का रे?’ असें मीं विचारिलें. वर्ग हंसला, आणि तो मुलगा तास संपेपर्यंत भिंतीशीं उभा राहिला. ही शिक्षा दोघांच्याहि अंगवळणीं पडलेली होती; त्याच्याहि आणि माझ्याहि.

संध्याकाळीं भिजत घरीं आलों, तों दाराला कुलूप आणि खिशांत किल्ली नाहीं. कुलूप दाबून लागणारें. सकाळीं छत्री शोधण्याच्या नादांत किल्ली टेबलावर राहिली होती. खिडकीच्या गजांतून ती स्वच्छ दिसत होती. कळसा काखेंत असला म्हणजे निदान गांवाला वळसा तरी घालतां येतो. येथें कळसा डोळ्यांसमोर होता आणि हात पोंचत नव्हता. शेजारच्या म्हातारीनें मला पडवींत घेतलें, चुलीपाशीं बसवून कोरा चहा दिला, आणि तिच्या नातवानें कोयंड्याचे स्क्रू काढून दार मोकळें केलें. त्या पावसाळ्यांतली माझीहि ती तिसरीच वेळ होती. ‘विसरलों’ एवढेंच मी म्हणालों. म्हातारीनें माझ्या जेवणाची चौकशी केली नाहीं. ‘मास्तर, दाराशीं खुंटी नाहीं का तुमच्या?’ इतकेंच तिनें विचारिलें.

एकाच दिवशीं एकाच प्रकारच्या कृत्यावर असे दोन निवाडे झाले. मीं मुलाच्या मनांत खोट पाहिली. म्हातारीनें माझ्या दारांत उणीव पाहिली. यांतला बरोबर निवाडा कोणता? विसरणें हा अपराध आहे काय?

लोकांचें मत या बाबतींत कडक आहे, आणि त्याच्या मुळाशीं एक सिद्धांत आहे: जेथें आस्था तेथें आठवण. लेकरूं आईस विसरत नाहीं, सावकार कर्ज विसरत नाहीं. तेव्हां जो विसरला त्यास त्या गोष्टीची किंमतच नव्हती, असें अनुमान आपण सहज काढितों. घराघरांतून ऐकूं येणारें ‘तुला मेलें कशाचें कांहीं वाटतच नाहीं’ हें वाक्य या सिद्धांताचेंच घरगुती रूप होय. सिद्धांत सोयीचा आहे, पण खरा आहे काय?

कालिदासाच्या शाकुंतलांत याचें उत्तर मला सांपडतें. दुर्वास ऋषि आश्रमाच्या दारीं येऊन हांक मारितात आणि शकुंतलेस ती ऐकूंच येत नाहीं, कारण तिचें मन दुष्यंताकडे गेलेलें असतें. अतिथीविषयीं तिला अनादर नव्हता. अतिथि आले आहेत हेंच तिच्या मनापर्यंत पोंचलें नव्हतें. पण दुर्वासांनीं अनवधान आणि अवमान यांत भेद केला नाहीं, आणि शाप देऊन ते चालते झाले. अनवधानाला उद्दामपणा समजून शिक्षा करणारे आपण सारे मास्तर आणि आईबाप या दुर्वासांच्याच गोत्रांतले. प्रेक्षक मात्र क्षणभरहि शकुंतलेस अपराधी मानीत नाहीं. आस्थेचा अभाव आणि अवधानाचा अभाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें रसिक म्हणून आपणांस कळतें. पालक म्हणून कळत नाहीं.

वैद्यकालाहि हा भेद ओळखावयास वेळ लागला. १७९८ सालीं अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें मनाच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथांत अवधान आणि त्याचे विकार यांस स्वतंत्र प्रकरण दिलें. १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानें व्याख्यानें दिलीं. बुद्धि शाबूत असूनहि ज्यांस स्वतःला आवरतां येत नाहीं अशा मुलांचें वर्णन त्यांत होतें. त्या अवस्थेला त्यानें नांव दिलें तें ‘नैतिक नियंत्रणाची उणीव’. रोग म्हणून ओळखतांनाहि ‘नैतिक’ हा शब्द सुटला नाहीं! पुढें १९८० सालीं अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या निदानग्रंथांत अवधानाच्या न्यूनतेचें नांव आलें, आणि १९८७ सालीं ‘ए. डी. एच. डी.’ हें आज रूढ असलेलें नांव आलें. त्या ग्रंथाच्या २०१३ सालच्या आवृत्तींत या विकाराच्या लक्षणांमध्यें रोजचीं कामें विसरणें आणि किल्ल्या, पाकीट, चष्मा यांसारख्या वस्तु वारंवार हरवणें हीं स्पष्टपणें नोंदलेलीं आहेत. अर्थात् किल्ली विसरणारा प्रत्येक मनुष्य रोगी नव्हे. अनेक लक्षणें एकत्र हवींत, त्यांतील कित्येक वयाच्या बाराव्या वर्षाआधींपासून दिसलेलीं हवींत, घरीं व बाहेर दोन्हीकडे हवींत, आणि त्यांनीं आयुष्यास खरोखर अडथळा केलेला हवा. माझें निदान पुढें नाशिकास झालें तेव्हां वैद्यांनीं माझ्या बालपणाविषयीं तासभर विचारिलें; किल्लीविषयीं दोन मिनिटें.

या विकारांत कमी पडतें तें काय? किल्लीची जागा कोणती असें विचारा; आम्ही अचूक सांगूं. ती न्यावयाची इच्छा आहे काय? पुरेपूर आहे. ज्ञान आहे, इच्छाहि आहे. परंतु उंबरठा ओलांडण्याच्या त्या एका क्षणीं तें ज्ञान हजर नसतें. पेटींत दागिना असून लग्नाच्या वेळीं पेटी न उघडावी, तसा हा प्रकार आहे. म्हणून ‘लक्षांत ठेव’ हा उपदेश येथें व्यर्थ जातो. लंगड्याला ‘नीट चाल’ म्हणण्यासारखाच तो आहे.

येथें कोणी म्हणेल, मग ही पळवाटच झाली. नांव मिळालें कीं जबाबदारी संपली! हा आक्षेप जुना आहे आणि हलका नाहीं. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत म्हटलें आहे कीं, निष्काळजीपणानें जो अज्ञानांत राहतो त्यास दंड करणें योग्य, कारण काळजी घेणें त्याच्या हातीं होतें. आणि काळजी न घेणें हा त्याचा स्वभावच असेल तर? हा प्रश्नहि त्यानें स्वतःच उपस्थित केला, आणि उत्तर दिलें कीं, सैल राहणीनें तो स्वभाव त्यानें स्वतःच घडविला. या उत्तराची दुसरी पायरी आमच्या प्रकरणीं टिकत नाहीं. कारण ही अवस्था बहुतांशीं आनुवंशिक आहे आणि लहानपणापासून दिसते, सैल राहणीनें ती जडत नाहीं. पण पहिली पायरी मात्र टिकते, आणि तिच्यावरच मी उभा राहूं इच्छितों. ज्या क्षणीं विसर पडला त्या क्षणाबद्दल मला दोष देतां येणार नाहीं; पण मी विसरणारा आहें हें मला ठाऊक झाल्यानंतरचे जे शांत, शुद्धीचे क्षण मला मिळाले, त्यांत मीं काय केलें, हें विचारण्याचा अधिकार जगास आहे. जबाबदारी नाहींशी होत नाहीं. ती आपली जागा बदलते. सकाळच्या गडबडींतून ती आदल्या रात्रीच्या निवांतपणांत येते. डोक्यांतून दाराच्या चौकटीवर येते.

म्हणूनच ‘पुन्हां विसरणार नाहीं’ ही शपथ मला आतां अप्रामाणिक वाटते. ती पाळणें माझ्या हातीं नाहीं. ‘उद्यां दाराशीं खुंटी ठोकतों’ ही शपथ लहान दिसते, पण ती पाळतां येते, आणि पाळली नाहीं तर मी खरोखर दोषी ठरतों.

खुंटी ठोकली म्हणजे संवय झाली असेंहि नव्हे. संवय कशी लागते, हें इथल्या शेतकर्‍याकडे पाहिलें म्हणजे समजतें. आमच्या सभोंवारच्या पाड्यांवर पावसाळ्यापूर्वीं राब भाजतात. पाऊस पडला म्हणजे त्या भाजलेल्या जागीं बीं पेरितात. खाचरांत चिखल झाला म्हणजे भाताची आवणी करितात. तारीख स्मरणांत ठेवून कोणी हीं कामें करीत नाहीं. प्रत्येक काम एका खुणेला बांधलेलें असतें आणि खूण दिसली कीं हात चालूं लागतात. १९९९ सालीं पीटर गॉलव्हिट्झर या मानसशास्त्रज्ञानें मांडलेला विचार हाच आहे: नुसत्या संकल्पापेक्षां ‘जेव्हां अमुक घडेल तेव्हां मी तमुक करीन’ असा खुणेला जोडलेला संकल्प अधिक तडीस जातो. आपल्या आज्यांनीं पदराला मारलेली गांठ याच जातीची. ‘खूणगांठ’ हा शब्दच तींतून आला. मात्र खूण योग्य जागीं हवी. शकुंतलेची मुद्रिका खूणच होती, पण ती बोटावर सैल राहून शचीतीर्थाच्या पाण्यांत पडली!

तेव्हां माझी व्यवस्था सांगतों. दाबाचें कुलूप मीं काढून टाकिलें. आतांचें कुलूप किल्ली फिरविल्याखेरीज लागतच नाहीं, त्यामुळें किल्ली आंत ठेवून दार बंद करणेंच अशक्य झालें. खुंटी चौकटीच्या आंतल्या बाजूस, आंत येतांना उजवा हात सहज जाईल तेथें आहे. नियम एकच: दार उघडलें कीं, पिशवी खालीं ठेवण्यापूर्वीं, किल्ली खुंटीवर. छत्रीहि त्याच खुंटीला. दुसरी किल्ली शेजारच्या म्हातारीकडे. औषध घेतों आणि त्यानें अवधानास साहाय्य होतें; पण किल्ली कोठें टांगावी हें औषध शिकवीत नाहीं.

एकवीस दिवसांत संवय लागते असें म्हणण्याचा प्रघात आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकार्‍यांनीं केलेल्या, २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत रोजची एखादी साधी कृति अंगवळणीं पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, तर कोणास २५४ लागतील असें अनुमान निघालें. एखादा दिवस चुकल्यानें घडी मोडली नाहीं, हें त्यांतलें मला सर्वांत दिलासा देणारें वाक्य. ती पाहणी आमच्यासारख्यांची नव्हती. आम्हांस अधिक काळ लागला तर नवल नाहीं. मी आजहि चुकतों. परंतु चुकल्या दिवशीं पूर्वीं मी स्वतःस शिव्या देऊन सारा बेतच सोडून देत असें. आतां किल्ली शोधून पुन्हां खुंटीवर लावितों. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करितो तेव्हां श्रीकृष्ण त्यास खोटें पाडीत नाहींत कीं रागावत नाहींत. मन आवरण्यास कठीण आहे हें ते प्रथम मान्य करितात, आणि मगच अभ्यास सांगतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण अभ्यास आधीं सांगतों आणि मान्यता कधींच देत नाहीं.

अशा आधारांनीं स्मृति पंगु होईल, ही भीति पुष्कळांस वाटते. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादांत थामुस राजानें लेखनकलेवर हाच आक्षेप घेतला आहे: लोक अक्षरांवर विसंबतील आणि आंतून स्मरण करण्याचें सोडतील. आक्षेपांत तथ्य असेलहि. पण तो आपल्यापर्यंत पोंचला तो लेखनामुळेंच. चष्मा लावणार्‍यास आपण ‘डोळ्यांना आळशी करतोस’ असें म्हणत नाहीं. आणि मनुष्याचें शील त्याच्या कवटीच्या आंतच मावलें पाहिजे असा तरी नियम कोणीं केला? माझा वक्तशीरपणा आज एका लांकडी खुंटीवर आणि एका शेजारणीच्या फडताळांत राहतो. तो तेथें आहे म्हणून खोटा ठरत नाहीं.

आतां त्या मुलाविषयीं. त्यालाहि हाच विकार आहे कीं नाहीं, तें मी सांगूं शकत नाहीं. तें वैद्याचें काम. पण त्या आषाढांतल्या दिवसाचा हिशेब मीं पुनःपुन्हां मांडला आहे. त्याचें वही विसरणें आणि माझें किल्ली विसरणें हीं दोन्हीं कृत्यें अनवधानाचीं होतीं. पूर्ण शुद्धीवर, पूर्ण स्मृतीनिशीं त्या दिवशीं केलेलें कृत्य एकच होतें, आणि तें म्हणजे भर वर्गांत त्याला मारलेला माझा टोमणा. अपराध शोधावयाचा तर तो तेथें सांपडतो.

अनसूया आणि प्रियंवदा यांनीं शकुंतलेवर माया केली, पण एक चूक केली. राजानें ओळख न दाखविली तर मुद्रिका दाखव, असें त्यांनीं सांगितलें. शापाची गोष्ट मात्र तिच्यापासून लपविली. खूण दिली, कारण सांगितलें नाहीं. म्हणूनच ती मुद्रिकेस जपावें तशी जपूं शकली नाहीं. तीच चूक मला करावयाची नव्हती. मीं त्या मुलास जवळ बोलावून खिडकीच्या गजांतून दिसणार्‍या किल्लीची सारी हकीकत सांगितली आणि त्या दिवशीं बोललों तें चुकलें असेंहि सांगितलें. तो प्रथम घाबरला, मग हंसला. नंतर आम्हीं दोघांनीं मिळून ठरविलें: एक वही शाळेच्या कपाटांतच राहील, आणि घरीं दप्तर दाराच्या खुंटीला, चपलांच्या वर, टांगावयाचें.

तो अजून विसरतो; पूर्वींपेक्षां कमी. परवां शाळा सुटल्यावर मी घाईनें बस गांठावयास निघालों. फाटकापर्यंत गेलों असेन, तोंच मागून धांवत येणार्‍या पावलांचा आवाज आला. त्याच्या हातांत माझा जुडगा होता.

‘सर, टेबलावर राहिला होता,’ तो म्हणाला. जेवणाबद्दल त्यानें कांहीं विचारिलें नाहीं.