फोनमधला पहारेकरी कुणाचा?

ताईचा मुलगा अडीच वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात एका रात्री त्याच्या जांघेत लालभडक पुरळ उठलं. रडून रडून पोराचा घसा बसला. रात्रीचे साडेअकरा. डॉक्टर फोनवर म्हणाले, “फोटो पाठवा, बघून सांगतो.” ताईचे हात थरथरत होते, म्हणून फोटो मी काढला. डॉक्टरांनी मलम सांगितलं, पोर झोपलं. फोटो माझ्या फोनमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी तो डिलीट करताना मला सॅन फ्रान्सिस्कोतला एक बाप आठवला. २०२१च्या फेब्रुवारीत त्यानं नेमकं हेच केलं होतं. कोविडचे दिवस, तपासणी व्हिडिओवर, त्याआधी नर्सनं मागितलेले मुलाचे फोटो. ते आपोआप गूगलच्या क्लाउडवर चढले आणि तिथल्या यंत्रणेनं त्यांना बाललैंगिक शोषणाची चित्रं ठरवलं. दोन दिवसांत खातं बंद. ईमेल, फोन नंबर, मुलाच्या पहिल्या वर्षांचे फोटो, सगळं गेलं. पोलिसांनी चौकशी केली, गुन्हा घडलेलाच नाही असं लेखी कळवलं. तरी खातं परत मिळालं नाही.

क्लाउड निदान दुसऱ्याचं घर तरी आहे. तिथं सामान ठेवलं तर मालक नियम लावणारच. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपलनं एक पाऊल पुढे टाकायचं ठरवलं. शोषणाच्या आधीच माहीत असलेल्या चित्रांचे आकड्यांतले ठसे प्रत्येक आयफोनमध्ये ठेवायचे आणि क्लाउडवर जाणारा प्रत्येक फोटो आधी फोनमध्येच त्यांच्याशी ताडून बघायचा. साधारण ३० फोटो जुळले, की कंपनीचा माणूस तपासणार आणि मग तक्रार जाणार. काही आठवड्यांतच संशोधकांनी दाखवून दिलं, की दिसायला पूर्ण वेगळी असलेली दोन चित्रं एकच ठसा देऊ शकतात. गदारोळ झाला. सप्टेंबरमध्ये योजना थांबली आणि २०२२च्या डिसेंबरमध्ये कायमची गुंडाळली गेली.

मी यावर खूश व्हायला हवं होतं. पण झालो नाही. कारण पलीकडच्या बाजूला खरी मुलं आहेत. ज्या मुलीवर अत्याचार झाला, तिचं चित्र कुणाच्या तरी फोनवर पुन्हा उघडतं, तेव्हा तिचाही खासगीपणा फोडलाच जातो, आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. ठसे जुळवून अशी चित्रं खरोखर सापडतात. ‘आमचे फोटो बघू नका’ असं म्हणताना ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवूनच म्हणायला हवं.

मित्र म्हणतो, “आपण काही वाईट करत नाही ना? मग लपवायचं काय?” मला उत्तर सापडलं ते आजीच्या बोलण्यात. लग्नानंतर तिला माहेरून येणारं प्रत्येक अंतर्देशीय पत्र आधी सासरे फोडायचे. तिनं लिहिलेलंही त्यांच्या नजरेखालून जायचं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. पण ‘आई, मला इथं करमत नाही’ हे एक वाक्य आजी कधीच लिहू शकली नाही. कुणी मनाई केली नव्हती. नजर होती, एवढंच पुरेसं होतं.

“पण इथं माणूस बघत नाही, यंत्र बघतं,” असंही म्हणतात. खरं आहे. पण ठशांच्या यादीत काय आहे हे आपल्याला दिसत नाही. आज त्या यादीत शोषणाची चित्रं असतील. उद्या एखाद्या सरकारनं त्यात मोर्चाचं पोस्टर किंवा एखादं व्यंगचित्र घालायला लावलं, तर यंत्र तेही तितक्याच इमानानं शोधेल.

म्हणून मी स्वतःपुरता एक प्रश्न ठरवला आहे: हा पहारेकरी खबर कुणाला देतो? ॲपलनंच मुलांच्या फोनसाठी आणलेली दुसरी सोय बघा. नग्न फोटो आला तर फोन तो धूसर करतो, मुलाला सावध करतो, मदत कुठं मिळेल ते सांगतो, आणि कंपनीला काही कळवत नाही. तपासणी इथंही आहे, पण ती फोन वापरणाऱ्याच्या बाजूनं उभी आहे. २०२५च्या सुरुवातीला अनेकांना आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ्टीकोअर’ नावाचं न मागितलेलं ॲप दिसलं. तेही फोनमध्येच तपासतं, बाहेर काही पाठवत नाही, असं गूगलनं सांगितलं. तसं असेल तर माझी हरकत कामाला नाही. न विचारता घरात माणूस ठेवला, याला आहे.

आपल्या सुप्रीम कोर्टानं २०१७मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यात अपवाद करायचा तर कायदा हवा, योग्य कारण हवं आणि उपाय गरजेपुरताच हवा, हेही सांगितलं. संशयिताचा फोन रीतसर तपासणं या मापात बसू शकतं. सगळ्यांचेच फोन कायम तपासत राहणं मला त्यात बसताना दिसत नाही.

याची किंमत आहे, हे मला माहीत आहे. फोन तपासले नाहीत, तर काही गुन्हेगार सुटतील. पाच वर्षांनी भाचा स्वतःचा फोन मागेल, तेव्हा मी त्याला सावध करणारी सोय चालू करून देईन, आणि त्याचे मेसेज मी वाचणार नाही हेही सांगेन. त्या रात्री मी झोपेन का, ते सांगता येत नाही.