देह कोणाचा?

गेल्या वर्षी भाऊबीजेला माझी धाकटी बहीण ओवाळायला आमच्या अथालच्या घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर तिची विवाहित मुलगीही होती. ओवाळणे झाले, फराळ झाला, पण माय-लेकी एकमेकींशी बोलत नाहीत हे माझ्या लक्षात आले. रात्री सौ.ने कारण सांगितले. भाचीला शस्त्रक्रिया करून घ्यायची होती आणि बहिणीचा तिला ठाम विरोध होता. कसली शस्त्रक्रिया, असे मी विचारले, तर सौ. म्हणाली, ''लिफ्टची.'' मला वाटले, त्यांच्या इमारतीत लिफ्ट बसवताहेत!

आमच्या भागात बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी आणि घरात मराठी चालते. परंतु स्तनांविषयी मामासमोर बोलता येईल असा शब्द या तिन्ही भाषांत भाचीला सापडला नाही. तिने इंग्रजीचा आडोसा घेतला. र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून अशा विषयांवर स्वच्छ मराठीत लिहिले. त्यासाठी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. इतके होऊनही आम्ही अजून कुजबुजतोच आहोत. भाचीने वाचून संमती दिल्यावरच हा लेख मी संपादकांकडे पाठवला आहे.

भाचीचे वय अडतीस. दोन बाळंतपणे झाली, वजन वाढले, मग नेटाने व्यायाम करून तिने ते उतरवले. वजन उतरले, पण ताणलेली कातडी परत आवळली नाही. पावसाळ्यात स्तनाखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल होते, चिघळते. ही झाली सांगण्यासारखी तक्रार. न सांगण्यासारखी अशी, की आंघोळ करताना ती स्वतःकडे पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवले आणि मास्तरकी केली. देवाने दिलेले निरोगी शरीर, हे पाश्चात्त्यांचे खूळ, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ''मामा, तुम्ही केसांना कलप लावता ना?''

मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालो त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. त्या रात्री जुनी पुस्तके काढली. कांटने १७९७ च्या ग्रंथात, दुसऱ्याच्या तोंडात बसवण्यासाठी आपला दात देणे किंवा विकणे म्हणजे अंशतः आत्महत्याच, असे म्हटले आहे. विकण्यासाठी केस कापणेही त्याला पुरते निर्दोष वाटत नाही. मिलने १८५९ मध्ये याच्या उलट मांडले: आपल्या देहावर आणि मनावर माणूस स्वतःच सार्वभौम आहे. कांट मानावा तर माझा कलपही संशयास्पद ठरतो. मिल मानावा तर बोलण्यासारखे काही उरतच नाही, पण घरात बोलण्यासारखे तर पुष्कळ होते.

'पाश्चात्त्यांचे खूळ' हा माझा मुद्दा तर पहिल्याच धक्क्याला पडला. पाटण्याच्या संग्रहालयातली दीदारगंजची यक्षी पाहा, अजिंठ्याची चित्रे पाहा. उन्नत, घट्ट स्तनांचा आदर्श आपल्या शिल्पींनी आणि संस्कृत कवींनी शेकडो वर्षांपूर्वीच ठरवून ठेवला आहे. ज्या स्त्रियांनी मुले पाजली त्यांचे देह कुणी दगडात कोरलेले मला तरी आठवत नाहीत. आणि याच मुलखात मी लहानपणी वारली म्हाताऱ्या पाहिल्या आहेत. अंगात चोळी नाही, छातीवर लुगड्याचा पदर, तोही काम करताना सरकलेला. त्यांना कसली लाज वाटत नसे. म्हणजे लाज ही शिकवलेली गोष्ट आहे. पण शिकवलेली लाज दुखत नाही असे थोडेच आहे?

दुसरा मुद्दा मला जास्त बळकट वाटत होता: गेलेले परत मिळवणे वेगळे आणि नटणे वेगळे. इथे आपल्या पुण्याचीच गोष्ट आठवते. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. १७९४ च्या ऑक्टोबरात ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी ती विद्या उचलली. कावसजीला कोणी 'नटवा' म्हणणार नाही. पण नव्या नाकाने त्याला काय मिळाले? श्वास तर तो आधीही घेत होता. त्याला चारचौघांत तोंड दाखवता येऊ लागले. कर्करोगाने स्तन गेलेल्या बाईला तो पुन्हा घडवून देतात, तेही आपल्याला पटते. मग शत्रूने नेलेले आणि रोगाने नेलेले परत मागता येते, बाळंतपणाने नेलेले मात्र मागायचे नाही, हा न्याय कुठला? याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

बहिणीचे म्हणणे वेगळे होते. ती म्हणाली, ''पाजलं म्हणून असं झालं. त्याची कसली लाज?'' खरे तर हा समज चुकीचा आहे. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातील शल्यविशारदांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्तन ओघळण्याशी संबंध दिसला तो वय, गर्भारपणांची संख्या, वजन आणि धूम्रपान यांचा, पाजण्याचा नाही. नव्या आयांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे. पण बहिणीची खरी कळ पुढे होती: ''तिची बारा वर्षांची पोर बघतेय. ती काय शिकेल?''

या प्रश्नाने मात्र मी गप्प झालो. नववीतल्या मुली दप्तर छातीशी धरून, खांदे वाकवून वर्गात शिरतात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. 'ताठ बसा' एवढेच मी त्यांना सांगितले. त्या का वाकतात, हे मी मुख्याध्यापक असूनही कधी विचारले नाही. आईने शस्त्रक्रिया केली तर देह दुरुस्त करावा लागतो असे ती पोर शिकेल. नाही केली तर आरसा टाळायला शिकेल. भाचीचे उत्तर साधे होते. ती म्हणाली, ''मी तिला सगळं सांगणार आहे, जखमेसकट.''

पुढे सौ. आणि मी तिच्याबरोबर दोन ठिकाणी गेलो. पहिल्या ठिकाणी आधीची-नंतरची छायाचित्रे दाखवली आणि महिनाअखेरपर्यंत नाव नोंदवले तर सूट, असे सांगितले. आम्ही उठून आलो. साड्यांच्या सेलमध्येही मी इतक्या घाईने बाहेर पडत नाही. दुसऱ्या शल्यविशारदाने आधी तिलाच विचारले: आणखी मूल हवे आहे का? वजन किती महिने स्थिर आहे? कोणी सांगितले म्हणून आलात का? मग कागदावर आकृती काढली. जास्तीची कातडी काढून स्तनाग्र वर घेतात. व्रण स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि बरेचदा घडीतही राहतो. तो वर्षभरात फिकटतो, पुसला जात नाही. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, क्वचित कायमची. पुढे पाजण्यात अडचण येऊ शकते. दोन्ही बाजू अगदी सारख्या होतीलच असे नाही. पूर्ण भूल, दोन-तीन तासांचे काम, काही आठवडे आधाराची काचोळी, महिना-दीड महिना जड उचलायचे नाही. वय आणि वजन आपले काम पुढेही करीतच राहतात. खर्च विमा देत नाही. तिने नोकरीतून साठवलेले पैसे होते, आणि ते नातीच्या शिक्षणाला ठेवावेत असे बहिणीला वाटत होते. तो वाद मी सोडवू शकलो नाही.

जावईबापूंना मी विचारले. ते म्हणाले, ''माझ्यासाठी नको. तिला हवं असेल तर करू दे.'' यापेक्षा शहाणपणाचे मी काही बोललो नव्हतो.

भाचीने सहा महिने थांबायचे ठरवले. या काळात मन बदलले तर बरेच, असे मला मनातून वाटत होते. ते मी तिच्यापासून लपवलेही नाही. तिचे मन बदलले नाही. घामाचा त्रास कमी म्हणून या दिवाळीनंतर थंडीतली तारीख घेतली आहे. मुलांना बघायला सौ. तीन आठवडे तिकडे जाणार आहे. बहीण अजून हो म्हणालेली नाही, पण परवा फोनवर तिने सौ.ला विचारले, ''डिंकाचे लाडू चालतील का, डॉक्टरांना विचारून ठेव.''

मी सध्या वरण-भात आणि एक भाजी शिकतो आहे.