तीन दिवसांचे शहर

मोठे शहर तीन दिवसांत पाहून होत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही बहुतेकांच्या वाट्याला तीनच दिवस येतात. नोकरीतील रजा, मुलांच्या शाळेची सुटी, गाठीचा पैसा आणि घरी ठेवलेली वृद्ध माणसे या चौकटीत बसेल तेवढाच प्रवास सामान्य माणूस करू शकतो. म्हणून सहल ठरविणे म्हणजे घड्याळाशी आणि खिशाशी केलेली तडजोड, अशी आपली समजूत असते. ही समजूत खोटी नाही. परंतु अपुरी आहे. कोठे जायचे, काय सोडायचे, कोणाला आपल्यासाठी राबवायचे आणि कोणाचे दुःख आपल्या यादीत एक ‘ठिकाण’ म्हणून नोंदवायचे, हे सारे सहलीच्या कागदावर ठरत असते. हे प्रश्न हिशेबाचे नसून नीतीचे आहेत. ते सहसा विचारले जात नाहीत, कारण सुटीच्या दिवसांत सदसद्विवेकबुद्धीलाही सुटी असते, असे आपण गृहीत धरतो.

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांनी कोलकात्याला जाण्याचे योजिले आणि सहलीचा कागद माझ्यापुढे ठेवला, त्या निमित्ताने हा विचार मनात आला. जाणे गीतांजली एक्सप्रेसने होते. १९७७ साली मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिला पहिला वर्गच नव्हता. सर्वांनी एकाच वर्गातून प्रवास करावा, ही त्यामागची कल्पना. पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले. परंतु प्रवासाच्या आखणीत माणसामाणसांतील नात्याचा विचार असू शकतो, हे एका रेल्वेगाडीने एकदा दाखवून दिले होते, एवढे खरे.

कागदावर तीन दिवसांत सतरा ठिकाणे होती. १८१४ साली स्थापन झालेले भारतीय संग्रहालय, १९२१ साली खुले झालेले व्हिक्टोरिया मेमोरियल, जोरासांको येथील ठाकुरांचा वाडा, दक्षिणेश्वर, बेलूर मठ, मूर्तिकारांची वस्ती कुमारटुली, कॉलेज स्ट्रीटवरील पुस्तकांची दुकाने, हावड्याचा पूल, कालीघाट, मदर हाउस. प्रत्येकापुढे वेळ लिहिली होती. संग्रहालयाला पाऊण तास, मदर हाउसला वीस मिनिटे. आखणी करणारा तरुण हुशार होता. सोमवारी संग्रहालये बंद असतात आणि गुरुवारी मदर हाउस भेटीसाठी बंद असते, हेही त्याने हेरून ठेवले होते. “फादर, एकदाच जाणं होणार, तर सगळं उरकूनच येऊ,” तो म्हणाला. त्याच बैठकीत एक वृद्ध भगिनी होत्या. त्या म्हणाल्या, “फादर, मला पोरांच्या मागे धावायला जमायचं नाही. मदरच्या कबरीपाशी घटकाभर बसायला मिळालं म्हणजे झालं.” वीस मिनिटांत ते बसत नव्हते.

या दोघांपैकी बरोबर कोण? उतावीळ तरुणाला हसणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. ज्याला पुनःपुन्हा प्रवास परवडतो, त्याला ‘सावकाश पाहा’ असा उपदेश करणे शोभते. ज्याने वर्षानुवर्षे पैसा साठवून आयुष्यात एकदाच तिकीट काढले आहे, त्याच्या लांबलचक यादीत हाव नसते, भूक असते. भूक आदरणीय आहे. प्रश्न एवढाच, की सतरा ठिकाणांनी ती भागते काय?

भारतीय संग्रहालयातील एकच दालन घ्या. भरहूतच्या स्तूपाचे कठडे आणि तोरण तेथे आणून ठेवले आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीच्या कारागिरांनी त्या दगडावर झाडे, हत्ती, माकडे आणि माणसे कोरली आणि चित्राशेजारी त्याचे नावही खोदून ठेवले, जेणेकरून पाहणाऱ्याला कथा कळावी. म्हणजे त्या कारागिराने आपल्यासारख्या पाहणाऱ्याची वाट पाहिली होती. पाऊण तासात सारे संग्रहालय उरकणारा मनुष्य त्या कठड्यापुढून जातो; त्याच्यापुढे थांबत नाही. घरी आल्यावर तो ‘संग्रहालय पाहिले’ असे म्हणेल. आपल्या भाषेत ‘पाहिले’ आणि ‘पाहून झाले’ हे दोन निराळे प्रयोग आहेत. पहिल्यात वस्तू आपल्याजवळ उरते. दुसऱ्यात ती संपते. यादी आखडती घेणे हा आळस नव्हे. आपल्या मर्यादेविषयी खरे बोलण्याचा तो एक प्रकार आहे. ‘मी कोलकाता पाहिले’ असे म्हणण्यापेक्षा ‘भरहूतचा कठडा पाहिला आणि हुगळी नदी ओलांडली’ असे म्हणणारा अधिक सत्य बोलतो.

वस्तूंच्या बाबतीत हा केवळ सत्याचा प्रश्न आहे. माणसांच्या बाबतीत तो न्यायाचा होतो. कोलकात्यात १८७३ साली प्रथम घोड्यांनी ओढलेली ट्राम धावली; १९०२ पासून ती विजेवर धावू लागली. २०२४ च्या सप्टेंबरात, एक लहानसा वारसामार्ग सोडून बाकीची ट्राम बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारने जाहीर केला. ज्या वाहनाने कारकून आणि विद्यार्थी कामावर जात, ते हळूहळू हौशी प्रवाशांचे खेळणे होऊ लागते. यात हळहळ आहे, पण अन्याय होत नाही. ट्राम लोखंडाची असते. त्याच शहरातील दुसरे जुने वाहन माणूस ओढतो.

हातरिक्षाची फेरी हे त्या कागदावरील अकरावे ठिकाण होते. पुढे कंसात ‘फोटो’ असे लिहिले होते. १९५३ च्या ‘दो बिघा जमीन’ या चित्रपटात बलराज साहनींनी ओढलेली रिक्षा पाहून अश्रू ढाळणाऱ्यांची नातवंडे आज त्याच रिक्षात बसून छायाचित्र काढून घेऊ इच्छितात. २००६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने ही रिक्षा बंद करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. ओढणाऱ्यांनी तिच्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्यांतील अनेक जण बिहारमधून पोटासाठी आलेले. त्यांचे म्हणणे साधे होते: आमची दया येत असेल तर काम द्या, काम न देता रिक्षा काढून घेऊ नका.

येथे दोन्ही बाजूंनी मन कचरते. बसावे, तर आपल्यासारखाच मनुष्य जनावराच्या जागी जुंपला जातो. न बसावे, तर आपले मन स्वच्छ राहते आणि त्याचे पोट रिकामे. मला वाटते, निर्णयाची कसोटी रिक्षात नसून बसण्याच्या हेतूत आहे. पावसाळ्यात कोलकात्याच्या गल्ल्यांत गुडघाभर पाणी साचते, तेव्हा मोटारी थांबतात आणि हातरिक्षाच आजाऱ्याला व शाळकरी मुलाला घरी पोहोचविते. तेथे बसणाऱ्याला ओढणाऱ्याची गरज असते. दोघांत एक व्यवहार असतो, आणि त्या व्यवहारात प्रतिष्ठेला जागा असते. हौशी प्रवाशाला कोठेही पोहोचायचे नसते. त्याला त्या मनुष्याचे श्रम नको असतात. श्रम करतानाचे दृश्य हवे असते. छायाचित्र काढण्यास मनाई असती, तर मी या रिक्षात बसलो असतो काय? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेल, तर ती फेरी यादीतून काढावी.

हा प्रश्न दूरच्या बंगालचा आहे, असे समजून आपण सुटू शकत नाही. आमच्यापैकी कितीतरी कुटुंबे माथेरानला जाऊन आली आहेत. तेथील हातरिक्षा ही अमानुष प्रथा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये म्हटले आणि ती सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांच्या हाती विजेवर चालणाऱ्या रिक्षा देण्यास महाराष्ट्र शासनाला सांगितले. प्रथा थांबवा आणि माणसाला काम द्या, हे दोन्ही एकाच आदेशात सांगितले गेले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दया आणि न्याय यांतील अंतर हेच.

यादीतील आणखी एका नोंदीने मी अधिक वेळ थबकलो. कालीघाटाच्या मंदिरापुढे ‘निर्मल हृदय’ असे लिहिले होते आणि वेळ पंधरा मिनिटे. मंदिरालगतच्या या वास्तूत १९५२ साली मदर तेरेसांनी मरणासन्न निराधारांसाठी घर उघडले. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात ‘डोळ्यांच्या वासने’विषयी लिहितात. छिन्नविच्छिन्न प्रेत पाहून सुख होत नाही, उलट मन खिन्न होते. तरीही लोक ते पाहायला धावतात, असा त्यांचा दाखला आहे. आपली खिन्नतादेखील आपण उपभोगू शकतो, हे त्या सूक्ष्म निरीक्षकाने सोळाशे वर्षांपूर्वी ओळखले होते. मरणाऱ्या माणसाला शेवटच्या दिवसांत अंथरूण मिळाले, ते प्रेक्षकांसाठी मांडलेले नाही. तेथे जगभरातून स्वयंसेवक जातात, कपडे धुतात, भांडी घासतात, जेवण भरवितात. ज्याला तसे जायचे असेल, त्याने रीतसर विचारून, पुरेसा वेळ काढून जावे. ज्याच्यापाशी पंधराच मिनिटे आहेत, त्याने रस्त्यावरूनच हात जोडावेत. न जाणे हाही कधीकधी आदराचा प्रकार असतो.

जखमी वाटसरूची बोधकथा आपण सेवेची कथा म्हणून ऐकतो. ती प्रवासाचीही कथा आहे. याजक, लेवी आणि शोमरोनी, तिघेही आपापल्या कामाने त्या वाटेने निघाले होते. त्या मनुष्याला पाहिले तिघांनीही. पाहण्यात कोणी कमी पडले नाही. फरक इतकाच, की दोघांच्या प्रवासात थांबण्यास जागा नव्हती आणि तिसऱ्याने ती केली. त्याची आखणी बिघडली, पैसे खर्च झाले, एक रात्र गेली.

यावरून मला असे वाटते, की सहलीच्या कागदावर सर्वांत महत्त्वाची असते ती कोरी जागा. आपण मराठीत परगावाहून आलेल्याला ‘पाहुणा’ म्हणतो. या शब्दाचे मूळ ‘पाहणे’ या क्रियापदात नाही, तरी कानाला दोन्ही शब्द सख्खे वाटतात आणि त्यामुळे गल्लत होते. पाहणारा येतो, पाहतो, निघून जातो. पाहुण्याला घरच्या माणसाची विचारपूस करावी लागते आणि स्वतःचीही करू द्यावी लागते. त्यासाठी वेळ लागतो, आणि वेळ आधीच विकून टाकलेला असेल, तर समोरून आलेल्या माणसासाठी आपल्यापाशी काहीच उरत नाही.

हे सारे त्या कुटुंबांशी बोलून झाल्यावर कागद नव्याने लिहिला गेला. वादावादी झाली, ती व्हायलाच हवी होती. सतरा ठिकाणांची सात झाली. भारतीय संग्रहालयाला अर्धा दिवस मिळाला. हातरिक्षा आणि निर्मल हृदय गळले. तरुणाचे बेलूर मठ राहिले. पहाटे हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटावर फुलांचा बाजार आणि तेथून रोजच्या चाकरमान्यांच्या बोटीने हुगळी ओलांडणे, हे त्यानेच सुचविले. त्या बोटीत पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच बाकावर बसतात. दुसऱ्या दिवशीच्या दुपारपुढे त्याने मदर हाउस एवढेच लिहिले आणि वेळेचा रकाना मोकळा सोडला.